तात्काळ निरोप आणि जालसेवा : एका जोडणीचा इतिहास

हैदराबाद संस्थानाने १८६९ साली आणि इंदूरच्या होळकर दरबाराने १८८६ साली स्वतःची टपाल तिकिटे काढली. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. पत्र बाहेर धाडायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट वेगळे लावावे लागे. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने मात्र टपालाचा करार केला होता. त्यामुळे १८८५ पासून निघालेली ग्वाल्हेरची तिकिटे ब्रिटिश हिंदुस्थानातील कोणत्याही ठिकाणी जाणाऱ्या पत्रास चालत. संगणकयुगातील एका अल्पायुषी प्रयोगाचा इतिहास पाहताना हा जुना भेद आठवल्यावाचून राहत नाही.

ज्याला आपण चॅट म्हणतो, त्या तात्काळ निरोपांच्या सेवाही आरंभी संस्थानांसारख्याच होत्या. आयसीक्यू १९९६ साली आली. पाठोपाठ एओएल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवा निघाल्या. एकीच्या सभासदाने दुसरीच्या सभासदाला निरोप धाडण्याची सोय नव्हती. जेरेमी मिलर या अमेरिकी प्रोग्रामरने जानेवारी १९९९ मध्ये 'जॅबर' हा खुला प्रकल्प जाहीर केला. त्यात कोणीही आपला सर्व्हर उभारावा आणि ई-मेलप्रमाणे सर्व्हरांनी एकमेकांचे निरोप पोचवावेत, अशी योजना होती. इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने २००४ साली ही पद्धत 'एक्सएमपीपी' या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. गूगलने २००५ साली 'गूगल टॉक' याच पायावर उभारले आणि जानेवारी २००६ मध्ये इतरांच्या सर्व्हरांसाठी त्याचे दार उघडले.

दुसरीकडे जालसेवांचा स्वभाव निराळा होता. तेथे विचारणा येते, उत्तर जाते आणि व्यवहार संपतो. निरोपसेवेला मात्र जोडणी सतत जागी ठेवावी लागते. एप्रिल २००८ मध्ये गूगलने 'ॲप इंजिन' सुरू केले. स्वतःचे यंत्र न घेता आपला प्रोग्राम गूगलच्या यंत्रांवर चालविण्याची ही सोय, म्हणजे आजच्या भाषेत क्लाउड. तेथील प्रोग्राम विचारणा आली की जागा होई आणि त्याला सुमारे ३० सेकंदांत उत्तर द्यावे लागे. असा प्रोग्राम जोडणी धरून बसणार कसा?

सप्टेंबर २००९ मध्ये यावर तोड निघाली. जोडणी सांभाळण्याचे काम ॲप इंजिनने स्वतःकडे घेतले. आलेला निरोप साध्या जालविचारणेच्या रूपात प्रोग्रामच्या हाती पडे आणि त्याचे उत्तर पुन्हा निरोप होऊन परत जाई. चॅटच्या चौकटीत शहराचे नाव लिहावे, प्रोग्रामने दुसऱ्या जालसेवेकडून हवामान विचारून घ्यावे आणि क्षणात उत्तर धाडावे, हे थोड्या ओळींच्या प्रोग्रामने साधू लागले. एकट्यादुकट्या हौशी माणसालाही ते परवडणारे होते.

हा संसार फार काळ टिकला नाही. मे २०१३ मध्ये गूगलने 'हँगआउट्स' आणले आणि त्यात इतर सर्व्हरांशी देवाणघेवाणीची वाट ठेवली नाही. ऑक्टोबर २०१७ अखेर ॲप इंजिनवरील निरोपसेवा बंद झाली. जून २०२२ मध्ये गूगल टॉकचा उरलेला आधारही संपला. ज्या प्रोग्रामांचे पत्ते गूगलच्या नावाखाली होते, ते पत्तेच नाहीसे झाले. स्वतःच्या नावाचा पत्ता आणि स्वतःचा सर्व्हर राखणाऱ्यांचे जॅबर मात्र आजही चालू आहे.

व्हॉट्सॲपची जडणघडणही याच खुल्या घराण्यातली. एजॅबर्ड हा मुक्त सर्व्हर आणि एक्सएमपीपीचे बदललेले रूप घेऊन ते वाढले, पण बाहेरच्यांसाठी त्याची वेस बंद राहिली. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून बड्या निरोपसेवांना इतर सेवांशी जोडून घेणे बंधनकारक केले. मात्र तो कायदा युरोपापुरता आहे.

वडोदरे, बेळगाव, इंदूर येथे पांगलेल्या आपल्या कुटुंबांच्या सोयर-सुतकाच्या वार्ता, कुलाचाराच्या तिथी आणि जुनी छायाचित्रे आता बहुधा अशाच एखाद्या वेशीच्या आत साठत आहेत. आजोबांची पत्रे ट्रंकेत राहिली म्हणून आपल्याला वाचता आली. निरोप कोणत्याही मार्गाने खुशाल जावोत. पण वंशावळ आणि महत्त्वाची पत्रे यांची एक प्रत घरात, आपल्या हाती असावी, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.