डोक्यावरच्या तारा आणि आतलं मन: मालगुंड ते पुण्याचं कोर्ट

आजचा भाग मी मालगुंडमधून रेकॉर्ड करतोय. गणपतीपुळ्याच्या शेजारचं हे गाव. मागे वाऱ्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

इथे १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. म्हणजे आपले केशवसुत. गावात त्यांचं स्मारक आहे. काल मी तिथे बसलो होतो. आजीचा रिपोर्ट यायचा होता, त्यामुळे पोटात गोळा आला होता. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ वाजलं आणि म्हणालं, ताण कमी, तुम्ही निवांत आहात! मी हसलो. त्या घड्याळाला फक्त माझी नाडी कळत होती. आजी त्याला कुठून कळणार?

केशवसुतांची ‘झपूर्झा’ तुम्ही शाळेत ऐकली असेल. मुलींच्या खेळातला शब्द घेऊन त्यांनी मन पूर्ण रंगून जाण्याची अवस्था पकडली. मला प्रश्न पडला, की अशी तंद्री मोजता येते का? माणसानं हे कधी करून बघितलं?

तर गोष्ट सुरू होते जर्मनीत. हान्स बर्गर नावाचा तरुण लष्करात असताना घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला वाटलं होतं की भावावर काहीतरी संकट आलंय. मनातली गोष्ट दुसऱ्या मनापर्यंत जाते कशी, या ध्यासानं तो डॉक्टर झाला. १९२४ साली येना शहरात त्यानं माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. यालाच आपण ईईजी म्हणतो. टेलिपथी काही सापडली नाही, पण वेगळंच सापडलं. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला साधारण १० वेळा हलणारी लहर दिसते. डोळे उघडले किंवा मनात गणित सोडवायला घेतलं, की ती दबते. लक्ष कुठेतरी लागलं, याची ही कागदावर उमटलेली पहिली खूण!

आणि गंमत बघा, त्याच १९२४ मध्ये लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. योग करताना शरीरात नेमकं काय होतं, ते यंत्रं लावून तपासायचं, हा त्यांचा आग्रह.

पुढे १९६१ साली दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि सिंग या तिघांनी योग्यांवरच्या ईईजी प्रयोगांचा अभ्यास छापला. ध्यान नसताना झगझगीत प्रकाश किंवा मोठा आवाज केला, की योग्यांची ती लहर मोडायची. ध्यानात मात्र तशीच चालू राहायची. दोघांनी तर बर्फासारख्या थंड पाण्यात पाऊण तासाच्या आसपास हात ठेवला, तरी लहर हलली नाही. म्हणजे झपूर्झाची सावली कागदावर पडली म्हणा ना! पण सावलीच. आत काय चाललं होतं, ते कागद सांगत नव्हता.

१९६५ मध्ये सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक खूण दाखवली. अनपेक्षित किंवा आपल्यासाठी महत्त्वाचं काही समोर आलं, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उसळी दिसते. दादर स्टेशनच्या गोंगाटात कुणी तुमचं नाव घेतलं की कान टवकारतात ना, तसंच काहीसं. मग पोलिसांच्या डोक्यात आलं, की गुन्ह्याची गोष्ट ऐकून मेंदूनं ओळख दिली तर?

आता येऊ पुण्यात. जून २००८. एका खून खटल्यात एका तरुणीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, तिला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली गेली होती. तिनं काही बोलायचंच नव्हतं. तपासणाऱ्यांचं म्हणणं, नुसतं माहीत असणं आणि स्वतः केलेलं असणं यातला फरक यंत्राला कळतो. कोर्टानं इतर पुराव्यांबरोबर हेही धरलं आणि जन्मठेप सुनावली. जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, की या चाचणीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, ती पुरावा म्हणून वापरू नका.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निकाल दिला, की नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. संविधानाचं कलम २०(३) सांगतं, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. कोर्ट म्हणालं, तोंड बंद ठेवलं तरी मेंदूकडून उत्तर काढून घेणं ही तशीच सक्ती आहे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. यंत्राला ‘काहीतरी लक्षात आलं’ एवढं कळतं. पण का आलं? गुन्हा केला म्हणून, की पोलिसांनी तीच गोष्ट दहादा विचारली म्हणून? निरपराध माणूसही स्वतःवरच्या आरोपाची वाक्यं ऐकून दचकेलच की! खुणेपासून अर्थापर्यंतची उडी यंत्र मारत नाही, माणूस मारतो. आणि चुकला, तर कुणाचं तरी आयुष्य जातं.

उद्या तुमच्या ऑफिसनं, कॉलेजनं ‘लक्ष मोजणारा’ पट्टा दिला, तर आधी दोन गोष्टी विचारा. हा नेमकं काय मोजतो? आणि त्यावरून निष्कर्ष कोण काढणार?

आजीचा रिपोर्ट नॉर्मल आला, बरं का. माझ्या जिवात जीव आला. घड्याळ मात्र गप्पच होतं. भेटू पुढच्या भागात!