आत्याचं कॅलेंडर

परवा आत्याचं कपाट आवरताना २००४ सालचं कालनिर्णय सापडलं. दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनांत बारीक अक्षरात भलतंच काही होतं. 'चव गेली.' 'तोंड आलं.' 'पाणीसुद्धा टोचतं.' घशाच्या कॅन्सरसाठी सहा आठवडे तिला रेडिएशन, म्हणजे आमच्या भाषेत 'शेक', चालू होता, तेव्हाच्या या नोंदी.

डॉक्टर आठवड्यातून एकदा विचारायचे, "काय मावशी, कसं वाटतंय?" ती म्हणायची, "बरं आहे." मी शेजारीच उभा असायचो.

अशी नोंद ठेवणारी आत्या काही पहिली नव्हे. हेन्री बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात बाळगली आणि कातडी भाजली. पिएर क्युरी यांनी मुद्दाम आपल्या दंडावर रेडियमयुक्त क्षार दहा तास ठेवला. कातडी लाल झाली. विसाव्या दिवशी खपली धरली, मग जखम झाली. बेचाळिसाव्या दिवशी कडेने नवी कातडी येऊ लागली, बावन्नाव्या दिवशीही जखम पुरती भरली नव्हती. दोघांनी हे १९०१ साली छापलं. जे किरण कातडी जाळतात ते रोगट पेशीही जाळतील, हा विचार त्यातूनच पुढे गेला.

म्हणजे दुष्परिणामांची ती वही ज्याला भाजलं त्यानेच लिहिली होती! पुढे मात्र लेखणी डॉक्टरांकडे गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८३ मध्ये दुष्परिणामांची तीव्रता मोजायची सामाईक पट्टी तयार केली, तीही डॉक्टरांनीच भरायची. रुग्णाने स्वतः उत्तरं द्यायची प्रश्नावली त्याच संस्थेने केली, पण बऱ्याच वर्षांनी.

आता हे काम मोबाईलवरची ॲप्स करतात. गिळताना दुखतं का, थकवा किती, कातडी सोलली का, असं विचारतात. उत्तर काळजीचं असेल तर नर्सला निरोप जातो. याने फरक पडतो का? न्यूयॉर्कमध्ये ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर प्रयोग केला. तो केमोथेरपीच्या रुग्णांवर होता आणि ॲप नव्हे, वेबवरची प्रश्नावली होती, हे आधी सांगतो. आपली लक्षणं नियमित कळवणाऱ्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ३१.२ महिने निघाला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा २६. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. शेकाच्या रुग्णांना तेवढाच फायदा होईल असं यावरून म्हणता येणार नाही, पण वेळेवर कळण्याचं मोल कळतं.

आत्या त्यातून बरी झाली, पुढे वीस वर्षं जगली. पण त्या दिवसांत तिचं वजन झरझर उतरलं आणि शेवटी नळीने अन्न द्यावं लागलं. 'पाणीसुद्धा टोचतं' ही नोंद त्याच्या नऊ दिवस आधीची आहे.

कॅलेंडर स्वयंपाकघरात गॅसच्या वर टांगलेलं असायचं. मी रोज तिथेच उभा राहून चहा करायचो.