घरची बातमी

आताच्या शाळेत सकाळी परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या, सगळं ओळीनं. आमच्या वेळी सोनाळ्यातही थोडंफार असंच होतं, पण पाचवीच्या गुर्जींनी त्याला एक शेपूट जोडलं होतं. वर्गात गेलो की रोज एका पोरानं उभं राहून घरची बातमी सांगायची. गाय व्याली, मोटेचा नाडा तुटला, आजी ओट्यावरून पडली, काहीही. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जो हसला त्याची पाळी दुसऱ्या दिवशी. साने गुरुजी अंमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. त्यावरून आपल्याला हे सुचलं, असं गुर्जी सांगत. आमच्याजवळ रोज कागद कुठला? म्हणून तोंडी.

सातपुड्याच्या अंगानं येणारं एक कोरकू पोरगं होतं. त्याची बोली वेगळी, त्यामुळं ते शेवटच्या रांगेत गप बसे. त्याच्या पाळीला त्यानं मोहाची फुलं कशी वेचतात ते सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही त्याला नावानं हाक मारू लागलो. त्याआधी नाव कोणाला माहीत होतं!

मग 1972 साल आलं. पाऊस गेला. रेशनवर लाल मिलो, शाळेत सुकडी. बातम्याही बदलल्या. विहीर आटली, माय खडी फोडायला गेली.

माझी पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी बैलजोडी व्यापाऱ्याला दिली होती. वैरणच नव्हती, करणार काय? पण गड्याची इज्जत बैलात, हे अकरा वर्षांच्या पोरालाही कळतं. मी उभा राहून सांगितलं, "आमचे बैल मामाच्या गावाले चरायला नेले."

गुर्जींनी विचारलं, "कोणाले काही सांगायचं?"

ते मागचं पोरगं उठलं. व्यापाऱ्याची जनावरं त्याच्याच वाटेनं गेली होती. आता हे बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"म्या पाह्यले, गुर्जी," ते म्हणालं. "वाटेत त्यायले पानी पाजलं."

आणि खाली बसलं. गुर्जींनी माझ्याकडं पाह्यलं, काही विचारलं नाही.

नवी जोडी घरात आली तेव्हा मी आठवीत होतो. त्या पोराची शाळा पाचवीलाच सुटली होती. ही बातमी मी त्याला सोनाळ्याच्या यात्रेत गाठून सांगितली.