जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधलं बारा-ए

दुपारचे अडीच वाजलेत. वसमत रोडवरच्या तुमच्या खोलीत कूलर घरघरतोय आणि टेबलावर ए-थ्री कागदावर छापून आणलेलं स्पिटफायर या लढाऊ विमानाचं जुनं कटअवे, म्हणजे पत्रा सोलून आतलं दाखवणारं चित्र, पसरलंय. "हे कुठल्या मोटारीचं?" असं झेरॉक्सवाल्याने विचारलं, तेव्हा तुम्ही "जुन्या" एवढंच म्हणून सुटका करून घेतलीत. उन्हात उभं राहून कोण समजावत बसणार?

भिंग घ्या. पंखावरचा पत्रा अर्धाच सोललाय, इंजिनाचं झाकण काढलंय आणि प्रत्येक भागाला एक बारीक आकडा दिलाय. वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे पाहा. पेट्रोलच्या दोन टाक्या, एकीवर एक. वरची ४८ गॅलनची, खालची ३७ ची. ८५ गॅलन पेट्रोल आणि माणसाचे पाय यांच्यात किती जागा आहे ते बोटाने मोजा. स्पिटफायरचे शेकडो फोटो तुम्ही पाहिलेत, पण पोटात असा गोळा कधी आला नव्हता. आता पंखात या. आठ ब्राउनिंग बंदुका, प्रत्येकीला तीनशे गोळ्या. एक बंदूक मिनिटाला हजारावर गोळ्या झाडते, म्हणजे सगळा दारूगोळा पंधरा-सोळा सेकंदांत संपणार. हे गणित कोणी सांगितलेलं नाही, ते चित्रासमोर बसल्यावर आपोआप सुटतं. या नादाला लागलेल्यांना विमान उडताना पाहण्यापेक्षा उघडून पाहण्यात जास्त रस का असतो, ते इथे कळतं.

कॉकपिटला डाव्या बाजूला एक छोटं दार आहे. ते खाली पाडा आणि आत उतरा.

ऑगस्ट १९४०. कूलरचा आवाज बंद झालाय. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमधलं वॉर्मवेल, गवताची धावपट्टी. धडावर यू आणि एम ही अक्षरं रंगवलेली स्पिटफायर ओळीने उभी आहेत. तुकडी कुठली? १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. तुमच्या आजोबांनी ज्याच्या राज्यात शेतसारा भरला, त्या निजामाच्या मुलखाचं नाव इथे ब्रिटनच्या लढाईत चाललंय. स्क्वाड्रनच्या चिन्हात निजामाची दस्तार आहे आणि ब्रीदवाक्य इंग्रजांनीच त्याला दिलेल्या किताबाचं, 'फेथफुल अलाय', म्हणजे 'यार-ए-वफादार'.

इथे फार वेळ थांबू नका. जाता जाता तंबूतल्या बाकावरचं साप्ताहिक तेवढं चाळा. 'फ्लाइट' आणि 'द एअरोप्लेन' यांची या काळात चांगलीच चुरस आहे. एकीकडे कटअवे काढणारे मॅक्स मिलर, दुसरीकडे जे. एच. क्लार्क. या मंडळींकडे कॉम्प्युटर नाही. कारखान्यात जायचं, कच्ची रेखाटनं करायची, नकाशे पडताळायचे, पेन्सिलीने अख्खं विमान परस्पेक्टिव्हमध्ये बसवायचं आणि मग शाई. खरं कसब असतं ते पत्रा कुठे फाडायचा, हे ठरवण्यात. सगळंच उघडलं तर विमान उरत नाही, कमी उघडलं तर गंमत राहत नाही. हल्ली कॉम्प्युटरवर अख्खं विमान काचेसारखं आरपार करून दाखवतात. मला ती चित्रं बेचव वाटतात. तिथे काय लपवायचं, याचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

आणखी मागे चला. १९१८.

येव्हिलचा वेस्टलँड कारखाना. इथे डी. एच. ९ए या दोन माणसांच्या बॉम्बफेकी विमानाच्या रचनेचं काम झालं. शेडमध्ये सांगाडे उभे आहेत आणि अजून कापड चढलेलं नाही. हे खरंखुरं कटअवे. इथे चित्रकाराची गरजच नाही. स्प्रूस आणि ॲश लाकडाच्या लांब पट्ट्या, त्यांच्यामध्ये तिरप्या ताणलेल्या पोलादी तारा, तार कमी-जास्त ताणायला पितळी आट्या. पुढे बारा सिलिंडरचं अमेरिकन लिबर्टी इंजिन, ४०० अश्वशक्तीचं. आधीच्या डी. एच. ४ मध्ये पेट्रोलची टाकी वैमानिक आणि मागच्या बंदूकवाल्याच्या मधोमध होती, त्यामुळे ऐन लढाईत दोघांना एकमेकांशी धड बोलताही येत नसे. ९ए मध्ये दोघांना पाठीला पाठ लावून बसवलंय. कापड चढलं की ही शहाणपणाची गोष्ट दिसेनाशी होणार.

कापड चढवण्याचं काम बायका करतात. पंखाच्या प्रत्येक फासळीला दोऱ्याचे टाके, वरून डोप नावाच्या लेपाचा हात. तो वाळताना कापड आक्रसून ताठ होतं आणि नाकात झोंबणारा वास सुटतो. जवळ जाऊन कापड चाचपून बघाच, कारण तुमच्या मनात काय आलंय ते मला कळलंय. नाही, हा परभणीचा गावरानी कापूस नाही. हे आयरिश लिनन आहे. परभणीचा कापूस इथे आलाच असेल तर रुपया होऊन आला.

तो कसा, ते पाहायला त्याच वर्षीच्या परभणीत या. मीटरगेजच्या गाडीतून उतरा, हैदराबाद-मनमाड मार्गावरचं आपलंच स्टेशन. कचेरीत कागद उर्दूत, साल फसली, रुपया हाली. पटवाऱ्यापुढे पागोटं सावरत उभा असलेला माणूस तुमच्या कपड्यांकडे बघतो आणि कोणी साहेब असावा अशा समजुतीने म्हणतो, "पाऊस कुठंय मालक? सारा कशातून भरावा?" त्याचं खरं आहे. या वर्षी पावसाने दख्खनला दगा दिलाय. पाठोपाठ मानमोडी येतेय, तो ताप घराघरांतून माणसं उचलणार आहे. याच सुमारास मीर उस्मान अली खान निजामाने रॉयल एअर फोर्सच्या ११० स्क्वाड्रनला डी. एच. ९ए विमानं भेट दिली आहेत. ही तुकडी हे विमान युद्धावर नेणारी पहिली. प्रत्येक विमानावर देणाऱ्याचं नाव इंग्रजीत रंगवलंय.

ती विमानं नेमक्या कुठल्या तालुक्याच्या साऱ्यातून आली, हा हिशेब कोणी मांडत बसू नये. खजिन्यात जिंतूरचा रुपया आणि गंगाखेडचा रुपया वेगळा ठेवत नाहीत. पण कटअवेच्या यादीत लोखंडी खिळ्यालाही आकडा मिळतो आणि या पागोटेवाल्याला मिळत नाही, एवढं मात्र भिंग हातात असताना माझ्या मनातून जात नाही.

५ ऑक्टोबर १९१८. फ्रान्समधल्या बेत्तोंकूरहून उडालेल्या तुकडीतलं एक विमान जर्मनांच्या हद्दीत उतरतं. क्रमांक एफ १०१०, धडावर निजामाच्या नावासह 'हैदराबाद नं. १२ए'. दोघंही जिवंत, दोघंही कैद. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण छाती फुगवून म्हणतो. तर घ्या, आपल्या राज्याच्या पैशाचं विमान जर्मनीने जप्त केलं आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या विमानसंग्रहालयात मांडलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागल्यावर संग्रह पूर्वेकडे हलवला गेला, आणि युद्ध संपल्यावर आपलं बारा-ए पोलंडमध्ये सापडलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये एक धावता मुक्काम करा. इंग्रजांना स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन सजवून देणाऱ्या निजामाकडे स्वतःचं लढाऊ हवाई दल नाही. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्री लँकॅस्ट्रियन विमानांनी चोरून आणलेल्या बंदुका तेवढ्या आहेत. वरून भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट घिरट्या घालतात. अठरा सिलिंडरचं सेंटॉरस इंजिन, त्याला नेहमीच्या झडपा नाहीत, सरकणाऱ्या नळ्या आहेत. त्याचं कटअवे मिळालं तर सोडू नका. १७ तारखेला निजाम शरण आला. ही तारीख काही मी तुम्हाला सांगायला नको.

आता शेवटची उडी, लंडन, रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय. १९७७ मध्ये पोलंडच्या क्राकूव्हच्या संग्रहालयाशी अदलाबदल ठरली. त्यांनी बारा-ए दिलं, इंग्रजांनी बदल्यात एक मार्क सोळा स्पिटफायर दिलं. ते स्पिटफायर आजही क्राकूव्हला आहे. सौदा पाहून कोणालाही वाटेल की इंग्रज फसले, कारण स्पिटफायर म्हणजे स्पिटफायर. पण स्पिटफायर बरीच उरलीत. आणि एफ १०१० आलं तेही धडच, पंख वाटेत कुठेतरी गेले होते. ते नव्याने बांधावे लागले. लाकूड, तारा, टाके, डोप, सगळं पहिल्यापासून. जुन्या रेखाटनांचा नाद करणाऱ्यांना जे लोक वेळ घालवणारे म्हणतात, त्यांना एकदा या पंखांखाली उभं करायला हवं.

दोरीच्या अलीकडून वाकून पाहा. धडावरची निजामाच्या नावाची अक्षरं पुन्हा रंगवलेली आहेत. ती नीट टिपून घ्या, कारण बाहत्तराव्या हिश्श्याच्या मापाचं मॉडेल करायचं म्हणजे ती मिलिमीटरभर उंचीची होणार आणि तुम्हालाच हाताने लिहावी लागणार. तीन शून्यांचा ब्रश, पातळ रंग आणि मनगटाखाली पुस्तकांची चळत. वसमत रोडला परतल्यावर लगेच बसू मात्र नका. मे महिन्यात परभणीत दुपारी रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आत ब्रशवरच वाळतो. पहाटे पाचला उठा.