वान अभयारण्य आणि हनुमान सागर : जंगल डोंगरावर, पाणी खारपाणपट्ट्याला

अचलपूर : परतवाड्याहून उत्तरेकडे पाहिलं की सातपुड्याची गाविलगड रांग दिसते. या डोंगरातल्या नद्यांचे दोन वाटे होतात. सिपना, गडगा, खापरा या नद्या मेळघाटातून तापीकडे जातात. सपन, चंद्रभागा, शहानूर आणि वान दक्षिणेला उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतात. या चारही नद्यांवर डोंगराच्या पायथ्याशी धरणं आहेत.

कोणत्या धरणात किती पाणी?
पूर्ण भरल्यावर उपयुक्त साठा (दलघमी) :
सपन – ३८.६०
चंद्रभागा – ४१.२५
शहानूर – ४६.०४
वान – ८१.९५
एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर.

वान धरण कुठे आहे?
तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ. वारीला हनुमानाचं प्रसिद्ध मंदिर आहे, त्यावरून जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. वरच्या बाजूला दरी आणि सागाचं जंगल आहे. हे वान अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २११ चौरस किलोमीटर. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच हा भाग. वाघ, बिबट, अस्वल, सांबर, गवा इथं आहेत.

जंगलाचा गावाला काय फायदा?
पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारं लागतं. म्हणून तिथल्या गावांना नळाचं गोडं पाणी डोंगरातल्या धरणांतून आणावं लागतं. डोंगरावर झाडोरा असला तर पावसाचं पाणी मुरतं, नाले जास्त दिवस वाहतात. झाडोरा गेला की माती वाहून धरणात येते, गाळ साचतो आणि साठा घटतो.

वाद कशाचा?
वानचं पाणी पिण्याच्या योजनांना वाढवून देण्यास तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध राहिला आहे. धरण सिंचनासाठी बांधलं, मग ओलिताचं काय, हा त्यांचा सवाल. दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा. जंगलातली काही आदिवासी गावं अकोट, तेल्हारा तालुक्यांत सपाटीवर वसवली. जमीन व सोयींच्या मागणीवरून काही कुटुंबं पुन्हा जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथं संघर्ष झाला.

जाताना लक्षात ठेवा
अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. वारीजवळ नदीतले डोह खोल आहेत, पोहायला उतरू नका. धरणाचे दरवाजे उघडण्याचा इशारा आला की नदीपात्रातून माणसं आणि गुरं लगेच बाहेर काढा.