टोमॅटोचं जुनं नाव विसरू नका

पुण्यात बुधवार पेठेला लागून असलेली महात्मा फुले मंडई १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला. जुन्या लोकांनी त्याला बेलवांगी, वेलवांगी म्हटलं.

पहिल्यांदा टोमॅटो लावणाऱ्याला हे नावच दोन गोष्टी सांगतं.

एक, हा वांग्याचा भाऊबंद. वांगी, मिरची, बटाटा निघालेल्या रानात लगेच टोमॅटो नको. मर रोग आणि सूत्रकृमी मातीतच दबा धरून असतात. मधे ज्वारी, मका घ्या. पेठेतल्या गच्चीवर कुंडी असेल तर माती बदला.

दोन, याची वाढ वेलासारखी. बांबू, सुतळीचा आधार द्या, जमिनीलगतची पानं काढा, पाणी बुडाशी द्या. पानं कोरडी राहिली की करपा कमी.

तिसरी गोष्ट नावात नाही. पांढरी माशी पानं मुरडणारा व्हायरस आणते, म्हणून रोपं जाळीखालीच वाढवा.

तुमच्या भागात टोमॅटोला काय म्हणतात? कमेंटमधे सांगा.