कढीतले गोळे

इटलीत नेपल्सकडे एका सूपाला ‘लग्न लागलेले सूप’ म्हणतात. लग्न कोणाचे? भाजीपाल्याचे आणि मांसाचे! अमेरिकेत गेलेल्या इटालियन मंडळींच्या घरी त्यात खिम्याचे लहान गोळे पडू लागले.

आमच्या वाशिमकडे हे लग्न ताकाचे आणि डाळीचे लागते. भिजवलेली डाळ लसूण-मिरचीबरोबर जाडसर वाटावी, गोळे वळावेत आणि उकळत्या कढीत आधी एकच सोडावा. तो फुटला नाही, की मग बाकीचे.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथे सापडलेल्या, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील विंध्यशक्ती दुसऱ्याच्या ताम्रपटात, दान दिलेल्या गावाकडून फुले व दूध घेऊ नये, अशी सूट आहे. गोळ्यांचा त्यात उल्लेख नाही. पण दूध घरी राहील, तेव्हाच विरजण लागेल, ताक होईल आणि कढी उकळेल ना?

यंदा दिवाळीचे गोडधोड पुरे झाले, की कढीगोळे अवश्य करा. घरात आजी असतील, तर पहिला गोळा त्यांच्याच हातून सोडवा. ही विद्या कोणत्याही ताम्रपटावर कोरलेली नाही. ती पाहूनच शिकावी लागते.